मध्यंतराआधी मेलेली जाई

सांगवी, २ जून २०२५

वर्षाली,

मायन्यात आशीर्वाद लिहिलेला नाही. शाई भरपूर आहे, तरी लिहिलेला नाही.

तुझं घर पिंपळे सौदागरला, माझं सांगवीत. मधे फक्त पिंपळे गुरव. रिक्षानं आलो असतो तर वीस मिनिटांत तुझ्या सोसायटीच्या फाटकाशी पोचलो असतो. पण तिथला वॉचमन वहीत दोन रकाने भरून घेतो, 'कोणाकडे' आणि 'काम काय'. दुसऱ्या रकान्यात काय लिहावं ते मला चार वर्षांत सुचलेलं नाही. म्हणून पोस्टानं.

काल खालच्या मजल्यावरच्या शालनबाई मोबाईल नाचवत वर आल्या. "अहो गुरुजी, तुमची वर्षाली सिनेमात! अन् तुम्हीपण आहात, मिशीवाले!" अडीच मिनिटांची जाहिरात. सिनेमाचं नावच 'वर्षाली', खाली बारीक अक्षरांत 'सत्य घटनेवर आधारित'. एक दुधासारखी गोरी मुलगी मैदानात लोळते, उठते, दात आवळून आपल्याकडे बघते. ती म्हणे तू. मला हसू आलं. तू जन्मात एकदाच कबड्डीच्या मैदानात उतरलीस, वाऱ्यानं उडालेली ओढणी आणायला.

त्या गोरीला एक मैत्रीण आहे, दगडखाणीवरची. एका उजळ नटीला काळा रंग फासून बसवली आहे. मान काळी केली, कानामागचं विसरले. ती तोंड उघडते ते लोकांनी हसावं म्हणून. मग सुरुंग उडतो, दरड येते, आणि ती तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मरते. मरताना सांगते, "माझ्यासाठी जिंक." मध्यंतराच्या आधीच मरत असणार, कारण पुढच्या दीड मिनिटात ती कुठेच नाही. मग तू जिंकतेस, झेंडा येतो, आणि मिशीवाला मी पावसात उभा राहून रडतो.

वर्षाली, जाई जिवंत आहे.

तुला हे माहीत आहे. तरी लिहितो, कारण काही गोष्टी लिहिल्याशिवाय माणूस त्यांना मान देत नाही. मोशीच्या खाणीवरून दुपारी पांढरी धूळ यायची आणि आमच्या वर्गातल्या फळ्यावर आपोआप बसायची. मी मराठी शिकवायचो, शेवटच्या तासाला खेळ. मुलींचा दम वाढावा म्हणून मी त्यांना कविता एका श्वासात म्हणायला लावायचो. पुस्तकातल्या कविता लवकर संपायच्या, मग मीच दोन ओळी जुळवल्या:

रेघ ओलांडून जाईन, धूळ कपाळी लावीन,
एका श्वासाची शिदोरी घेऊन माघारी येईन.

कुणाच्या चार आवृत्त्या व्हायच्या, कुणाच्या पाच. एकदा कुंपणाच्या भिंतीपलीकडून आवाज आला, नऊ वेळा, अखंड. भिंतीवरून वाकून पाहिलं तर डोक्यावर खडीची पाटी घेतलेली, सोळा वर्षांची पोर. पाटी न उतरवता म्हणत होती. दुसरीत शाळा सुटलेली. कान मात्र असा की एकदा ऐकलं ते कायमचं.

२००२ची शालेय राज्य स्पर्धा. सगळ्या चढाया तिच्या. मागे न बघता टाच मारून गडी बाद करणं तिचं. सुवर्णपदक तिचं. प्रमाणपत्रावर नाव मात्र तुझं लागलं, कारण शाळेच्या पटावर तू होतीस आणि ती नव्हती. त्याच प्रमाणपत्रावर पाच वर्षांनी तुला क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरी लागली, आणि आता त्याच्यावर सिनेमा.

१४ ऑगस्टला तो थेटरात येतोय. त्याआधी त्या दिग्दर्शकाला सांग की खेळली ती जाई भीमराज इटकर. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि मग नोकरीचं काय होतं ते तू बघ.

अर्जुनराव
(सेवानिवृत्त शिक्षक)

•

सांगवी, १६ जून २०२५

वर्षाली,

उत्तर नाही. तुझ्या आईच्या तेराव्याला तू घर सोडून गेलीस, तेव्हापासूनचा तुझा हा खाक्या मला ठाऊक आहे. भांडायचंसुद्धा नाही, नुसतं दार लावून घ्यायचं. पदक दुसरीचं आणि मिजास तुझी.

मी चाकणला जाऊन आलो. दोन बस बदलल्या. जाई तिथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते, ठेकेदाराकडून. पहिली शिफ्ट सुटली तेव्हा गेटबाहेर उभा होतो. निळ्या एप्रनमधल्या पन्नासएक बायकांत ती चालीवरूनच ओळखू आली. अजून टाचा उचलून चालते, जणू मधली रेघ समोरच आहे.

मला पाहून लांबूनच ओरडली, "गुर्जी! मी मेले म्हनं!"

बरोबरच्या बाया खिदळल्या. एकीनं खरंच हात जोडले. "काल ही चपात्या लाटत व्हती, अन् आमी म्हनलं, भुताच्या हातचं खाऊ नगा गं."

आम्ही टपरीवर बसलो. चहा तिनंच सांगितला. मला वाटलं होतं रडेल, चिडेल. ती चहात पाव बुडवत विचारायला लागली, "दगुड अंगावर कसा पडतो ते तरी नीट दावलंय का? सुरुंगाच्या आधी भोंगा व्हतो गुर्जी. खाणीवरची पोर भोंगा ऐकून उभी ऱ्हाईल व्हय? शेळ्याबी पळत्यात."

मी म्हणालो, "जाई, मी हे थांबवतो."

"थांबवू नगा. पिच्चर येऊं द्या. माजी इंद्रायणी सोळाची झाली. मोशीला खेळती, माज्यापरीस बेस. तिनं मैदानावर समद्यांना सांगितलं व्हतं, माजी आई राज्याला खेळली. आता पोरी इचारत्यात, तुजी आई त्यातली मरनारी का जिंकनारी?" पाव खाली ठेवला तिनं. "काय सांगंल वो ती? मला इचारती, आई, तू खोटं बोललीस का. घरात बोलंना झालीय माज्याशी."

"तुला काय हवंय, सांग. नोकरी, भरपाई—"

"न्हाई. कागदावर माजं नाव पायजे. तिला दावाय. बाकी कायबी नगं."

ऐकलंस? तिची मागणी एवढीच आहे. ती पुरी करायला तुला फक्त खरं बोलायचं आहे, आणि तेवढंच तुला जमत नाही. मी जाईला शब्द दिला आहे. तुझ्या वतीनेही दिला आहे. तो मोडायची ताकद असेल तर चाकणला जाऊन तिच्या समोर मोड.

अर्जुनराव

•

सांगवी, ४ जुलै २०२५

वर्षाली,

तुझं पाकीट मिळालं. चार वर्षांनी आलेलं पत्र म्हणून दारातच फोडलं. आत पाच ओळी. सरकारी खात्यात राहून तुझी भाषा मेमोसारखी झाली आहे.

'मी गणराजला पहिल्याच भेटीत सांगितलं की खेळणारी मी नव्हे. त्याने ऐकून घेतलं आणि कथा बदलली नाही. लेखी नकार दिला असता तर कारण लेखी द्यावं लागलं असतं, म्हणून मी संमतीवर सही केली. हा माझा भ्याडपणा. पण आप्पा, २००२च्या प्रवेशिकेवर सही कोणाची आहे?'

माझी आहे. क्रीडाशिक्षक म्हणून. मग? पटाबाहेरच्या पोरीला मैदान मिळावं म्हणून मी ती केली. तुझं नाव, तुझी जन्मतारीख, आणि फोटो जाईचा चिकटवला. मुख्याध्यापकांनी न बघता शिक्का मारला. तालुक्यात तेव्हा निम्मे संघ असेच उतरायचे. कुणी भावाच्या नावावर, कुणी मेलेल्या चुलत्याच्या. आम्ही त्याला फसवणूक म्हणत नव्हतो, 'सोय' म्हणायचो. त्या सोयीवर तू अठरा वर्षं पंख्याखाली बसली आहेस, आणि मलाच विचारतेस सही कोणाची!

तुझ्या सांगण्यावर माझा विश्वास बसला नाही म्हणून त्या दिग्दर्शकाला, गणराजला, जाऊन भेटलो. ताथवड्यात ऑफिस आहे त्याचं. तीस-बत्तीसचा पोरगा. पाया पडला. माझ्यासाठी खास बिनसाखरेचा चहा मागवला, मी साखरेचा पितो हे न विचारता.

"सर, मॅडमनी सांगितलं होतं मला," म्हणाला. म्हणजे तू खरं बोललीस. तेवढं मागे घेतो.

"मग?"

"सर, प्रेक्षकाला एकच मुलगी लागते. मध्यमवर्गीय, शिक्षकाची मुलगी, वडिलांचं स्वप्न. तिच्यात प्रत्येकाला आपली मुलगी दिसते."

"आणि खाणीवरच्या पोरीत कुणाची दिसत नाही?"

"असं नाही सर. म्हणून तर ती ठेवलीय. आम्हाला सगळ्या समाजाचं रिप्रेझेंटेशन हवंच होतं."

"तिला मारलंत तुम्ही."

"तो इमोशनल पीक आहे सर. त्याच्याशिवाय हिरॉइन उठणार कशी?"

"अरे, ती चाकणला चपात्या लाटते!"

त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. वाईट मनाचा नाही, हेच वाईट. मग म्हणाला, "सर, खरं केलं तर तुमचं काय दाखवू? मॅडमची नोकरी, खोटी प्रवेशिका. मग ही प्रेरणादायी गोष्ट राहत नाही, ती केस होते. आणि तुमच्याकडे कागद आहे का?"

प्रवेशिकेची स्थळप्रत माझ्या पेटीत आहे. जाईच्या फोटोवर अर्धा गोल शिक्का. मी म्हणालो, "बघतो."

२६ जुलैला भोसरीत त्यांचा कार्यक्रम आहे. जाहिरात दाखवणार, जुन्या खेळाडूंचा आणि माझा सत्कार. तुलाही बोलावलंय, तू येणार नाहीस हे त्यानं सांगितलं. मी जाणार, जाईला आणि तिच्या मुलीला घेऊन. माईक माझ्या हातात येईल तेव्हा कागद आणि माणूस दोन्ही उभं करीन. तू घरी बसून भ्याडपणाच्या व्याख्या लिही.

अर्जुनराव

•

सांगवी, २७ जुलै २०२५

वर्षाली,

काल मी बोललो नाही.

आधी मला वाटलं, हे तुला कळवू नये. पण शालनबाईंच्या मोबाईलवर तो व्हिडिओ आलाय, म्हणजे तुझ्याकडेही पोचला असेल. भगवी शाल, नारळ, आणि मी.

सभागृह भरलेलं होतं. जाई नवव्या रांगेत. हिरवं पातळ, केसांत गजरा, शेजारी इंद्रायणी. पोरगी माझ्याकडे असं बघत होती जसं पंचाकडे बघतात. स्थळप्रत माझ्या कोटाच्या आतल्या खिशात. पडद्यावर पुन्हा ते झालं, सुरुंग, दरड, मांडी. लोकांनी नाकं ओढली. जाईच्या शेजारची बाई डोळे पुसत तिला काहीतरी म्हणाली, आणि जाईनं मान हलवली.

मग मला वर नेलं. निवेदक म्हणाला, "ज्यांनी आपल्या पोटच्या मुलीला वाघीण बनवलं, ते हे गुरू!" सगळे उठून उभे राहिले. माझे जुने विद्यार्थी होते, आता टक्कल पडलेले, पोटं सुटलेले. मारुतराव होता, ज्याला मी सातवीत कविता पाठ नव्हती म्हणून बाकावर उभं केलं होतं. तो ओरडला, "सर, कविता! कविता म्हणा!"

आणि मी म्हटली.

तीच. रेघ ओलांडून जाईन. पहिल्या ओळीला टाळ्या, दुसरीला शिट्ट्या. मला दम पुरेना तर सगळं सभागृह म्हणायला लागलं. इतकी वर्षं मला वाटत होतं माझी कविता धुळीत गेली, आणि इथे चारशे माणसं ती म्हणत होती. वर्षाली, मी सुखावलो. खोटं कशाला लिहू? खिशातला कागद मी विसरलो नव्हतो. तो मला टोचत होता आणि मी तरी तिसऱ्यांदा कविता म्हटली.

त्यांच्या सिनेमातला मिशीवाला बोलला असता. त्याला भाषण लिहून दिलेलं असतं.

बाहेर चपलांच्या ढिगाऱ्याशी जाई उभी होती. इंद्रायणी आधीच रस्त्यापर्यंत गेली होती.

"कविता बेस झाली, गुर्जी," ती म्हणाली.

"जाई, अगं, गर्दीत मला—"

"तवाबी तुमी कविताच म्हनली व्हती." वाकून चपला घातल्या तिनं. "मी दारात आले व्हते तवा. ध्यानात हाय का?"

ध्यानात आहे.

•

सांगवी, ६ ऑगस्ट २०२५

वर्षाली,

पत्र लिहायला दहा दिवस लागले. तीन वेळा लिहून फाडलं, कारण तिन्ही वेळा त्यात कोजागरीचं चांदणं आलं, पांढरी धूळ आली, आणि मूळ गोष्ट राहिली. आता सरळ लिहितो.

२००७ साली जाहिरात आली, तू एकवीस वर्षांची. तू अर्ज भरायला तयार नव्हतीस. तू म्हणालीस, "आप्पा, हे जाईचं आहे. तिला शाळेत घाला, परीक्षा द्यायला लावा, पण हे तिला द्या." मी तुला दिवाणखान्यात बसवलं, पेन हातात दिलं, आणि पेनावरचा तुझा हात माझ्या हातानं धरला. पहिल्या सहीचं 'व' वाकडं आहे, ते त्यामुळे. तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

त्याच आठवड्यात जाई आली. कुणाकडून तरी तिला कळलं होतं की खेळाडूंना नोकरी आहे. तिनं दारात उभं राहून विचारलं, "गुर्जी, माजं ते कागूद?" मी म्हणालो, कागदावर तुझं नाव नाही पोरी. मग मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी तिला एक कविता ऐकवली. फुलाला नाव नसलं तरी वास असतो, अशा अर्थाची, माझीच. ती शेवटपर्यंत ऐकून गेली. तिच्या पायाची पांढरी धूळ उंबऱ्यावर राहिली होती. मी ती पुसली.

तेराव्याला तू भिंतीवरचं ते प्रमाणपत्र काढलंस आणि मी परत लावलं. त्यावर तू गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं की पोरगी हिश्श्यावरून भांडली. हेही मीच सांगितलं.

गणराज काय करतोय, तू काय करतेयस, ते गेलं खड्ड्यात. जाईला मध्यंतराआधी मारायचं काम मी त्याच्या अठरा वर्षं आधी केलं होतं. त्यानं फक्त रंग फासला.

काल मी क्रीडा कार्यालयात गेलो. चार पानांचा जबाब, स्थळप्रत जोडून. तिथल्या कारकुनानं फॉर्म दिला. त्यात रकाना होता, 'तक्रार कोणाविरुद्ध'. मी माझं नाव लिहिलं. तो म्हणाला, "आजोबा, इथे समोरच्याचं नाव लिहायचं." मी म्हणालो, समोरचा मीच. त्यानं चष्मा काढून मला पाहिलं आणि चार पानं वाचायला घेतली. वाचता वाचता थांबला.

"ही मुलगी कोण?"

"कोण?"

"हीच. तुम्ही लिहिलंय, 'खाणीवरील एक मुलगी'. मग 'सदर मुलगी'. मग 'ती'. नाव कुठाय?"

चार पानं, वर्षाली. माझं नाव बावीस वेळा, तुझं चौदा. मी तपासलं. तिचं एकदाही नाही. सवयीनं हात तिथून वळून गेला होता.

जाई बाहेर बाकावर बसली होती, अर्धी सुट्टी टाकून आलेली, इंद्रायणी बरोबर. तिला आत बोलावलं. कारकून म्हणाला, जबाबदारीनं सांगा, खेळलेली तुम्हीच का. ती म्हणाली, "व्हय." मी त्याच्याकडे अंगठ्यासाठी शाईचा डबा मागितला. जाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातातलं पेन घेतलं, चारही पानांवर जिथे जिथे 'सदर मुलगी' होतं ते खोडलं आणि वर लिहिलं: जाई भीमराज इटकर. शेवटी सही. इंद्रायणीच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकली म्हणे, पोरीबरोबर बसून. अक्षर गोल आणि ठाम आहे. कारकुनानं शिक्का मारला. इंद्रायणीनं मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढला, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल, शिफ्ट चुकंल तुजी." बस एवढंच. पण ती आईशी बोलली.

सिनेमा १४ तारखेला येईलच. गणराजला एक प्रत पाठवली. त्याचा फोन आला होता, मी उचलला नाही.

चौकशी लागेल. माझी पेन्शन राहते की जाते ते बघतील. तुझी नोकरी जाईल बहुतेक. तुला आधी विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर मी पुन्हा थांबलो असतो, आणि तुझ्या नावावर थांबलो असतो. मला शिव्या दे. 'हात कोणी धरला' असं विचारतील तेव्हा वडिलांची लाज राखू नकोस.

फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात. एका जागी जाईनं सही केली. दुसरी जागा मी कोरी ठेवून आलोय. कारकून म्हणाला, पुढच्या बुधवारी, १३ तारखेला, अकरापर्यंत थांबतो.

आप्पा